किडनीच्या रुग्णांची रक्ततपासणी: नमुना केव्हा द्यावा, कसा द्यावा आणि अहवाल कशाशी ताडून पाहावा

किडनी निकामी होत चाललेला, डायलिसिसवर असलेला किंवा किडनी बदललेला रुग्ण असो, त्याचे उपचार बहुतांशी रक्ताच्या आकड्यांवर ठरतात. तो आकडा चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या रीतीने घेतलेल्या रक्ताचा असेल, तर यंत्राने कितीही अचूक मोजला तरी औषधाचा डोस चुकीच्या दिशेने बदलला जाण्याचा धोका राहतो. कोल्हापुरातल्या रक्त संकलन केंद्रांवर सकाळच्या गर्दीत त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा होताना दिसतात. प्रत्यारोपणाचा रुग्ण सकाळची गोळी घेऊन येतो, डायलिसिसचा रुग्ण फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडलेला, हात पुढे करतो, आणि आदल्या रात्री मटणाचे जेवण झालेल्या रुग्णाचे क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ) वाढलेले पाहून घरातले सगळे घाबरून जातात. या चुका टाळण्यासाठी तपासणीचा क्रम येथे दिला आहे. औषध सुरू, बंद किंवा कमी-जास्त करण्याचा निर्णय मात्र नेफ्रॉलॉजिस्टचाच (किडनीतज्ज्ञाचाच) राहील.

१. तपासण्यांची यादी आणि अंतर लिहून घ्या

"किडनीच्या सगळ्या टेस्ट करा" असे सांगून नमुना देऊ नये. तयार पॅकेजमध्ये नको त्या तपासण्या असतात आणि हव्या त्या राहून जातात. डॉक्टरांकडून तपासण्यांची नावे आणि त्या किती दिवसांनी करायच्या हे कागदावर लिहून घ्यावे.

डायलिसिस सुरू न झालेल्या रुग्णाला साधारणपणे क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज), युरिया, सोडियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्ब्युमिन आणि हिमोग्लोबिन या तपासण्या लागतात. डायलिसिसच्या रुग्णाला यांखेरीज फेरिटिन व ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (शरीरातल्या लोहाच्या तपासण्या), पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारे संप्रेरक), कावीळ बी व सी आणि एचआयव्ही यांच्या तपासण्या, तसेच डायलिसिस पुरेसे होते का हे पाहण्यासाठी आधीचा आणि नंतरचा युरिया लागतो. प्रत्यारोपणाच्या रुग्णाला क्रिएटिनिन, पूर्ण रक्तगणना, साखर, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची रक्तातील पातळी नियमित लागते, आणि ठराविक काळाने, नव्या किडनीला इजा करू शकणाऱ्या बीके विषाणूची पीसीआर तपासणीही करावी लागते.

प्रत्यारोपणानंतर क्रिएटिनिन किती वेळा तपासावे, याचा सर्वसाधारण क्रम असा आहे: पहिला आठवडा रोज, पहिला महिना संपेपर्यंत आठवड्यातून २ ते ३ वेळा, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात आठवड्यातून एकदा, चौथ्या ते सहाव्या महिन्यात दोन आठवड्यांतून एकदा, वर्ष पूर्ण होईपर्यंत महिन्यातून एकदा आणि त्यानंतर दर २ ते ३ महिन्यांनी. प्रकृती उत्तम वाटते म्हणून वर्षानंतर तपासणी सोडून देणारे रुग्ण बरेच असतात. शरीराने नवी किडनी नाकारण्याची सुरुवात पुष्कळदा कोणत्याही वेदनेशिवाय होते आणि ती प्रथम फक्त क्रिएटिनिनमध्ये दिसते, हे त्यांना कोणी नीट सांगितलेले नसते.

२. एकच प्रयोगशाळा ठरवा

या महिन्यात कोल्हापुरात राजारामपुरीत, पुढच्या महिन्यात गावाजवळ आणि त्यानंतर पुण्याला गेल्यावर तिकडेच, अशा रीतीने केलेल्या तपासण्यांचे आकडे एका ओळीत मांडता येत नाहीत. क्रिएटिनिन मोजण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत आणि त्यांच्यात थोडा फरक पडतो. टॅक्रोलिमसच्या बाबतीत तो फरक अधिक असू शकतो, कारण इम्युनोअसे पद्धतीने येणारी पातळी मास स्पेक्ट्रोमेट्री पद्धतीपेक्षा सहसा जास्त दिसते. प्रयोगशाळा बदलावीच लागली, तर अहवालावर छापलेले पद्धतीचे नाव डॉक्टरांना आवर्जून दाखवावे.

युरिया आणि बीयूएन यांचा घोळ तर नेहमीचाच आहे. काही प्रयोगशाळा रक्तातील युरिया देतात, काही त्यातल्या फक्त नायट्रोजनचा आकडा, म्हणजे बीयूएन देतात. बीयूएनला २.१४ ने गुणले की युरिया मिळतो. बीयूएन ४० असेल तर युरिया सुमारे ८६ झाला. म्हणजे गेल्या महिन्यात ४० आणि या महिन्यात ८६ असे दिसले तरी प्रत्यक्षात काहीच वाढलेले नसू शकते.

खात्री करा: अहवाल हाती येताच तपासणीचे नाव, एकक आणि पद्धत मागच्या अहवालाशी जुळते का ते पाहा. आकडा त्यानंतर वाचा.

३. आदल्या दिवसाची तयारी

शिजवलेल्या मांसातून क्रिएटिनिन थेट रक्तात येते आणि काही तास वाढलेले राहते. म्हणून नमुन्याच्या आधी किमान १२ तास मटण, चिकन आणि मासे टाळावेत. आपल्याकडे रविवारी दुपारीच नव्हे तर रात्रीही तांबडा-पांढरा होतो, आणि सोमवारी सकाळी नमुना दिला जातो. ज्याला रविवारचे जेवण सोडवत नाही त्याने तपासणीसाठी बुधवार किंवा गुरुवार ठरवावा, हे सर्वांत सोपे. आदल्या दिवशी जड व्यायामही नको. तालमीत किंवा जिममध्ये जाणाऱ्या तरुण रुग्णांनी क्रिएटिन पावडर घेत असल्यास ते लपवू नये, कारण तिच्यामुळेही क्रिएटिनिन वाढते.

उपवासाकडे विशेष लक्ष हवे. नवरात्रात किंवा एकादशीला बटाटा, रताळे, शेंगदाणे, केळी आणि शहाळ्याचे पाणी एकाच दिवशी पोटात जाते, आणि या प्रत्येकात पोटॅशियम भरपूर असते. किडनी निकामी झालेल्या माणसाला असा उपवास खरोखर धोक्याचा आहे. गुळाचे आणि काकवीचेही तसेच, कारण साखरेपेक्षा त्यांत पोटॅशियम पुष्कळ जास्त राहते. "कमी सोडियमचे" म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते, त्यामुळे या रुग्णांनी ते घरात आणूच नये.

पाणी नेहमीइतकेच प्यावे. तपासणी चांगली यावी म्हणून ढसाढसा पाणी पिणे आणि उपाशीपोटी राहायचे म्हणून पाणीही सोडणे, या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. डायलिसिसच्या रुग्णाने आपली ठरवून दिलेली मर्यादा पाळावी.

केस आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत बायोटिन असते. त्यामुळे काही यंत्रांवर पीटीएचचा आकडा खोटा कमी येतो. अशा गोळ्या तपासणीच्या किती दिवस आधी थांबवायच्या ते डॉक्टरांना विचारावे. रक्तदाबाच्या आणि इतर नेहमीच्या गोळ्या मात्र डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज थांबवू नयेत. उपाशीपोटी नमुना असेल तर इन्सुलिन किंवा साखरेची गोळी नमुना देऊन खाल्ल्यानंतर घ्यावी की कसे, हेही आधीच विचारून ठेवावे.

सावधान: गेल्या आठवड्यात डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी, कोणतेही भस्म, किंवा कोट्रायमोक्साझोल हे जंतुनाशक औषध घेतले असेल तर ते फॉर्मवर लिहा. वेदनाशामकाने किडनीचे खरे नुकसान होऊ शकते. कोट्रायमोक्साझोलने क्रिएटिनिन किडनीला इजा न होताही थोडे वाढते, शिवाय पोटॅशियमही चढते.

४. टॅक्रोलिमसचा नमुना: सर्व काही वेळेवर अवलंबून

सर्वांत जास्त आणि सर्वांत महागात पडणाऱ्या चुका या टप्प्यावर होतात, म्हणून तो सावकाश वाचावा.

टॅक्रोलिमसची जी पातळी डॉक्टर पाहतात, ती पुढचा डोस घेण्याच्या अगदी आधीची, म्हणजे औषध रक्तात सर्वांत कमी असतानाची असते. दिवसातून दोनदा गोळी घेणाऱ्याने आदल्या रात्रीच्या डोसनंतर १२ तासांनी नमुना द्यावा. दिवसातून एकदाच घेण्याचा दीर्घकाळ चालणारा प्रकार असेल तर २४ तासांनी द्यावा. सकाळची गोळी नमुना दिल्यानंतरच घ्यायची.

गोळी घेतल्यानंतर सुमारे १ ते ३ तासांत औषधाची पातळी शिखरावर जाते. समजा, चंदगडहून पहाटेच्या एसटीने निघालेल्या रुग्णाने सवयीने सात वाजता गोळी घेतली आणि नऊ वाजता कोल्हापुरात नमुना दिला. अहवालात पातळी १६ आली. डॉक्टरांना ती डोसआधीची वाटली, म्हणून त्यांनी डोस कमी केला. खरी पातळी कदाचित ६ होती आणि आता ती ४ वर घसरली. रुग्णाला काही कळत नाही, आणि प्रत्यारोपित किडनीवरचे संरक्षण मात्र कमी झालेले असते.

म्हणून क्रम असा ठेवावा:

क) आदल्या रात्री गोळी ज्या मिनिटाला घेतली ती वेळ कागदावर लिहावी.

ख) सकाळची गोळी आणि थोडे खाणे पिशवीत बरोबर घ्यावे, तोंडात घालू नये.

ग) नमुना दिल्यावर गोळी लगेच घ्यावी आणि खाणे नेहमीच्या अंतराने करावे. केंद्रावर रांग आहे म्हणून डोस तासन्‌तास लांबवणेही योग्य नाही.

घ) फॉर्मवर शेवटच्या डोसची वेळ आणि नमुन्याची वेळ, दोन्ही लिहून घ्याव्यात. संकलन करणाऱ्याने विचारले नाही तरी आपण सांगावे.

आजरा, गडहिंग्लज, शाहूवाडी अशा ठिकाणांहून येणाऱ्यांसाठी गोळीची वेळ सात आणि सात असणे गैरसोयीचे ठरते. केंद्र उघडण्याची वेळ आणि प्रवास धरून ती नऊ आणि नऊ करता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. एकदा ठरलेली वेळ मात्र रोज पाळावी. केवळ तपासणीच्या दिवसापुरती बदलू नये.

गोळी चुकून घेतली गेलीच, तर त्या दिवशी पातळीचा नमुना देऊ नये. बाकीच्या तपासण्या करून घ्याव्यात, पातळीसाठी दुसऱ्या दिवशी यावे आणि डॉक्टरांना तसे कळवावे. डोस बदलल्यावर नवी पातळी स्थिर व्हायला साधारण २ ते ३ दिवस लागतात, त्यामुळे दुसऱ्याच सकाळी केलेली तपासणी पैसे वाया घालवते.

हा नमुना जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये, संपूर्ण रक्त म्हणून जातो, कारण टॅक्रोलिमस मुख्यतः तांबड्या पेशींत असते. सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांना काही डॉक्टर डोसआधीची पातळी सांगतात, तर काही डोसनंतर बरोबर २ तासांची. चिठ्ठीवर कोणती लिहिली आहे ते पाहूनच घरून निघावे.

पातळी हलवणाऱ्या गोष्टीही माहीत असाव्यात. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल, डिल्टियाझेम आणि व्हेरापॅमिल यांनी ती वाढते. क्षयरोगाचे रिफॅम्पिसिन आणि फिटची फेनिटॉइन व कार्बामाझेपिन यांनी ती घसरते. जुलाब लागले तर टॅक्रोलिमसची पातळी बऱ्याचदा वाढते, हे रुग्णांना उलटे वाटते. गणपतीच्या दिवसांत बाजारात येणारे पपनस आणि ग्रेपफ्रूट यांनीही ती वाढू शकते, म्हणून ती फळे पूर्ण टाळावीत. मेडिकलमध्ये "तेच औषध, दुसरी कंपनी" म्हणून दिले, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

५. खुर्चीवर बसल्यावर

फिस्टुला असलेल्या किंवा पुढे करायच्या असलेल्या हाताला सुई लावू देऊ नये, त्यावर पट्टा बांधू देऊ नये आणि रक्तदाबही मोजू देऊ नये. डायलिसिस सुरू नसले तरी ज्याची किडनी निकामी होत चालली आहे, त्याने मनगटापासून कोपरापर्यंतच्या शिरा जपाव्यात आणि शक्यतो तळहाताच्या मागच्या शिरेतून रक्त द्यावे. पुढे त्याच शिरांतून फिस्टुला तयार होणार असतो.

मूठ वारंवार उघडू-मिटू नये. शिर दिसावी म्हणून मूठ दाबत राहिल्याने आणि पट्टा मिनिटाहून जास्त बांधून ठेवल्याने पोटॅशियम खोटे वाढते. रक्त जोराने खेचले आणि पेशी फुटल्या तरी तेच होते. अशा वेळी अहवालावर "हिमोलाइज्ड" असा शेरा असतो, आणि तो वाचायला कोणी थांबत नाही.

ट्यूबचा क्रमही महत्त्वाचा आहे. ईडीटीए हे पोटॅशियमचे क्षार असते. जांभळ्या ट्यूबमधले रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतले, किंवा ती ट्यूब आधी भरली, तर पोटॅशियम अवाच्या सवा वाढते आणि त्याच वेळी कॅल्शियम एकदम खाली जाते. या दोन गोष्टी एकाच अहवालात दिसल्या तर नमुना पुन्हा द्यावा. गावातून घेतलेले रक्त सीरम (पेशी काढून उरणारा पातळ भाग) वेगळे न करता बर्फात ठेवून शहरात आणले, तरी पोटॅशियम खोटे वाढते, कारण थंडीत पेशींतून ते बाहेर झिरपते. दूरच्या गावी घरी येऊन रक्त घेणाऱ्याला नमुना किती वेळात प्रयोगशाळेत पोहोचतो आणि सीरम कुठे वेगळे होते, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

खात्री करा: ट्यूबवर नाव, वय आणि वेळ आपल्यासमोर लिहिली गेली का?

६. डायलिसिसच्या दिवशीचे नमुने

पोटॅशियम, फॉस्फरस, बायकार्बोनेट आणि हिमोग्लोबिन यांचा नमुना मशीनला जोडण्याआधी, रक्त गोठू न देणारे हेपॅरिन किंवा सलाइन मिसळण्यापूर्वी घ्यावा. डायलिसिसनंतर घेतलेले पोटॅशियम छान दिसते, पण पुढच्या काही तासांत पेशींतले पोटॅशियम रक्तात परत येते, म्हणून तो आकडा समाधान देण्यापुरताच उरतो. आठवड्यातल्या दोन दिवसांच्या लांब सुट्टीनंतरच्या सकाळी पोटॅशियम सर्वाधिक असते. पोटॅशियमची भीती असलेल्या रुग्णाने त्या दिवशीचा आकडा पाहावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

डायलिसिस पुरेसे होते का, यासाठी एकाच दिवशीचा आधीचा आणि नंतरचा युरिया लागतो. आधी १४० आणि नंतर ४५ असेल तर घट सुमारे ६८ टक्के झाली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्यासाठी ती किमान ६५ टक्के असावी. नंतरचा नमुना घेताना तंत्रज्ञाने पंपाचा वेग कमी करून काही सेकंद थांबायला हवे. तसे न केल्यास नुकतेच स्वच्छ झालेले रक्त नमुन्यात येऊ शकते आणि डायलिसिस आहे त्यापेक्षा चांगले झाल्यासारखे दिसते.

शिरेतून लोहाचे इंजेक्शन घेतले असेल तर फेरिटिन लगेच तपासू नये, किमान आठवडा जाऊ द्यावा. ताप किंवा संसर्ग असतानाही फेरिटिन वाढते, त्यामुळे त्या वेळचा मोठा आकडा म्हणजे लोहाचा साठा भरपूर, असा अर्थ काढू नये.

७. अहवाल वाचण्याचा क्रम

सगळ्यांत आधी पोटॅशियम पाहावे. ते ६ च्या वर असेल तर बाकी वाचत न बसता डॉक्टरांना लगेच फोन करावा. ६.५ च्या आसपास किंवा वर असेल, किंवा सोबत हातपाय गळून जाणे, छातीत धडधड अशी लक्षणे असतील, तर फोनची वाट न पाहता ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात, जवळ असेल तर कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात, थेट जावे. नमुना खोटा होता का, हे तेथे तपासता येईल.

त्यानंतर क्रिएटिनिन पाहावे. ०.१ इतक्या चढउताराला अर्थ नाही, १.८ आणि १.९ हे एकच समजावे. रक्तदाबाच्या काही औषधांनी, म्हणजे रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन वगैरेंनी, पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढणे डॉक्टर मान्य करतात, म्हणून घाबरून गोळी बंद करू नये. ईजीएफआर ६० च्या खाली तीन महिन्यांहून अधिक काळ राहिला तर तो जुनाट आजार मानतात, आणि १५ च्या खाली गेला तर पाचवा टप्पा. क्रिएटिनिन झपाट्याने बदलत असताना आणि डायलिसिस चालू असताना अहवालावर छापलेल्या ईजीएफआरकडे दुर्लक्ष करावे. डायलिसिसच्या रुग्णाचे क्रिएटिनिन हळूहळू घटत असेल तर आनंद मानण्याआधी वजन आणि अल्ब्युमिन पाहावे, कारण स्नायू झिजल्यानेही ते घटते.

हिमोग्लोबिन एरिथ्रोपोइटिनच्या (तांबड्या पेशी वाढवणाऱ्या संप्रेरकाच्या) इंजेक्शनने साधारण १० ते ११.५ च्या दरम्यान राखले जाते. ते १३ च्या वर नेण्याचा हट्ट धरू नये, त्याने रक्ताची गुठळी आणि पक्षाघात यांचा धोका वाढतो. प्रत्यारोपणाची वाट पाहणाऱ्याने रक्त चढवणे शक्य तितके टाळावे, कारण त्यातून परक्या ऊतींविरुद्ध अँटीबॉडी तयार होऊ शकतात. रक्त चढवावेच लागले तर प्रत्यारोपण केंद्राला कळवावे. कॅल्शियम नेहमी अल्ब्युमिनसोबत वाचावे. डायलिसिसवर एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) बऱ्याचदा प्रत्यक्षापेक्षा कमी येते, त्यामुळे साखरेसाठी घरच्या ग्लुकोमीटरची नोंदही दाखवावी.

८. प्रत्यारोपणानंतर: छापील मर्यादा नव्हे, आपला पायाआकडा

प्रयोगशाळेची मर्यादा निरोगी माणसांसाठी असते. समजा, एका महिलेचे क्रिएटिनिन प्रत्यारोपणानंतर सहा महिने ०.८ वर स्थिर होते आणि आता ते १.१ आले. अहवालावर चांदणी नाही, ठळक अक्षरे नाहीत, सगळे "नॉर्मल" आहे. पण ही ३७ टक्क्यांहून अधिक वाढ आहे आणि त्याच दिवशी कळवण्याजोगी आहे. दुसऱ्या एखाद्याचे १.६ वर्षभर स्थिर असेल, तर तोच त्याचा पाया. स्थिर आकड्यापेक्षा २० ते २५ टक्क्यांची वाढ दिसली की डॉक्टरांना कळवायचे, हा नियम धरावा.

टॅक्रोलिमसच्या अहवालावर पुष्कळदा ५ ते २० अशी मर्यादा छापलेली असते. ती पाहून "१४ आहे, म्हणजे बरोबर" असे समजू नये. अनेक केंद्रे पहिल्या काही महिन्यांत साधारण ८ ते १२ आणि वर्षानंतर ५ ते ८ नॅनोग्रॅम अशी पातळी ठेवतात. आपल्यासाठी ठरवलेली मर्यादा डॉक्टरांकडून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावी.

क्रिएटिनिन वाढले म्हणून स्वतःहून डोस वाढवणे फार घातक आहे. शरीर किडनी नाकारत असेल तर प्रतिकारशक्ती दाबणारे औषध वाढवावे लागते, बीके विषाणूने किडनीला इजा केली असेल तर तेच औषध कमी करावे लागते, आणि टॅक्रोलिमसची पातळी जास्त झाल्यानेही क्रिएटिनिन वाढते. तिन्हींत अहवालावरचा आकडा सारखाच दिसतो. फरक पातळी, विषाणूची पीसीआर, लघवीतील प्रथिने, दात्याविरुद्धच्या अँटीबॉडी आणि गरज पडल्यास बायोप्सी यांवरूनच कळतो.

पांढऱ्या पेशी कमी होणे हे प्रतिकारशक्ती दाबणारे मायकोफिनोलेट आणि विषाणूविरोधी व्हॅल्गॅन्सायक्लोव्हिर यांच्यामुळे होऊ शकते. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सकाळी घेणाऱ्यांची साखर दुपारनंतर चढते, त्यामुळे फक्त उपाशीपोटीची साखर पाहून मधुमेह नाही असे ठरवू नये.

९. नोंद आणि निरोप

एका वहीत दर तपासणीची एक ओळ ठेवावी: तारीख, शेवटच्या डोसची वेळ, नमुन्याची वेळ, क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, पातळी, त्या दिवशीचा डोस, आणि शेवटी जुलाब, ताप, नवे औषध, उपवास असा शेरा. बरेच रुग्ण पुण्यात किडनी बदलून घेतात आणि पुढच्या तपासण्या कोल्हापुरात करतात. त्यांना केंद्राला मोबाइलवर अहवाल पाठवावा लागतो, आणि नुसता फोटो पाठवला की उलट चार प्रश्न येतात आणि अर्धा दिवस जातो. त्याऐवजी फोटोसोबत असा निरोप लिहावा:

"प्रत्यारोपणाला १४ महिने झाले. क्रिएटिनिन १.५, मागील तीन वेळा १.२. टॅक्रोलिमस पातळी ९.८, शेवटचा डोस रात्री ९, नमुना सकाळी ८.५०, गोळी नमुन्यानंतर घेतली. डोस सकाळी १ मिलिग्रॅम, रात्री १ मिलिग्रॅम. तीन दिवस जुलाब होते, आज थांबले. लघवी नेहमीसारखी, ताप नाही. नवे औषध नाही. प्रयोगशाळा तीच."

लघवी एकदम कमी झाली, ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त आला, किंवा उलट्यांमुळे गोळ्या पोटात टिकत नसतील, तर अहवालाची वाट पाहू नये आणि निरोप लिहीत बसू नये. फोन करून निघावे आणि वही व सर्व गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत.